ओढ्यावरची खोली

१२ एप्रिल

आलो बाई एकदाचे! पाठ मोडली, ट्रकवाल्याने माझा आरसा फोडला, पण घर आपलं आहे. थॅडियसला दारातच मला उचलून आत न्यायची हुक्की आली. म्हटलं, पन्नाशी उलटली, कंबर धरली तर तुझ्या रेडिओंची खोकी काय मी वाहू? समोरच्या ओडेसाबाई हॅम भरलेली, पावासारखी मऊ बिस्किटं आणि बर्फाच्या गोड चहाची बरणी घेऊन आल्या आणि तासभर हलल्या नाहीत. अ‍ॅशमीडमध्ये कोण कुणाशी बोलत नाही, ते मला आता सगळं ठाऊक आहे.

स्वयंपाकघराच्या मागे एक लांबट खोली आहे. तिचं दार खिळे ठोकून बंद केलेलं होतं, आणि खिळे तरी किती! थॅड म्हणाला, आधीचा मालक क्राउडर सुतार होता की वेडा? दुपारभर पक्कड घेऊन उपसत बसलो. आत छान उजेड, कोरडी हवा, भिंतीला लांब फळी. रेडिओ दुरुस्तीला अशी जागा शोधून सापडायची नाही, स्वारी एकदम खूश. खुंटीवर एक बायकी एप्रन लटकत होता, तो मी धुवायला टाकला.

घरभर कड्या-कोयंडे तपासत फिरले, तर मागून हाक आलीच, "काय शेरीफबाई, झाली का झडती?" लग्नापासून हेच नाव ठेवलंय मेल्याने.

२० एप्रिल

पडदे लागले. थॅड सकाळी मागच्या खोलीत शिरतो तो जेवायलाच बाहेर येतो. दुपारची डुलकीही तिथेच.

ओडेसाबाईंना एप्रनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, लाइल क्राउडरचं लग्नच झालं नव्हतं. जन्मभर सडाफटिंग! पण रांधायचा मात्र दोघांचं. एक ताट झाकून ठेवायचा. कुणासाठी म्हणून विचारलं की स्वतःच गोंधळून बघत राहायचा."

थॅडला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, कालपासून एका जुन्या रेडिओत बाईचा आवाज येतोय. सारखी 'लाइल, लाइल' करते. मग म्हणाला, रेडिओची तार भिंतीत खोचलेलीच नाही. मला घाबरवायला सांगत असणार. चांगली ओळखून आहे मी त्याला.

४ मे

आज डोकंच फिरलं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नव्या आलेल्यांची ओळख करून दिली, ती फक्त माझी. थॅड शेजारी नवा टाय लावून बसलेला! घरी येताना म्हणाला, तुझ्या टोपीमागे दिसलो नसेन. मलाही हसू आलं.

पण घरपट्टीचा कागद आलाय, त्यावरही माझं एकटीचंच नाव. घर घेताना सह्या दोघांनी केल्या होत्या. शहराच्या संकेतस्थळावर जमिनींचा नकाशा असतो, कुणालाही बघता येतो. आमचा पत्ता घातला. घर दिसलं, ओसरी दिसली, अक्रोडाचं झाडसुद्धा दिसलं. शहराची लाल हद्द स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवरून जाते, आणि तिच्यापुढे काही नाही. खोलीच नाही.

खोलीतून थॅडची शीळ ऐकू येत होती, आणि मी नकाशातल्या त्या कोऱ्या जागेकडे बघत होते. मला ते आवडलं नाही.

१२ मे

न्यायालयाच्या दप्तरखान्यात गेलो. मुद्दाम दोघं गेलो. तिथले कारकून पेटस म्हातारे आणि सज्जन आहेत, खरेदीखतांचे जाडजूड ग्रंथ अंगाखांद्यावर खेळवत असल्यासारखे काढतात. त्यांनी आमचं खत काढून दिलं. माझी सही आहे. शेजारी थॅडची होती, माझ्या डोळ्यांसमोर केली होती. तिथे आता कोरा कागद आहे. खाडाखोड नाही, खरवडल्याची खूण नाही.

खोलीचं विचारलं तर पेटस म्हणाले, "बाई, आमचं शहर कुठल्याच काउंटीत, कुठल्याच जिल्ह्यात मोडत नाही. आमचं दप्तर आमचं, त्यांचं त्यांचं. ही जमीन शहराने काउंटीकडून घेतली ती तुमच्या घरामागे पूर्वी ओढा होता त्याच्या अलीकडच्या काठापर्यंत. पुढचं काउंटीला विचारा." तिथूनच काउंटीला फोन लावला. तिथली बाई तडकून म्हणाली, आमचं पलीकडच्या काठापासून सुरू होतं, ओढा शहराचाच असणार.

म्हणजे ओढा कुणाचाच नाही. तो केव्हाच बुजवला, आणि त्यावर कुणीतरी आमची खोली बांधली. ह्यांना वाटलं त्यांच्याकडे असेल, त्यांना वाटलं ह्यांच्याकडे. तिथे जे आहे ते कुठल्याच दप्तरात नाही. आणि थॅड दिवसभर तिथेच असतो.

पेटस म्हणाले, एवढं मनावर घेऊ नका. मोजणीदाराकडून नकाशा करून घ्या, दोन्हीकडच्या सह्या आणा, मी तो दाखल केला की ओढा शहरात आला. मग चष्मा पुसत म्हणाले, "एकट्याच धावपळ करताय. मिस्टर नाहीत का?"

थॅड माझ्या शेजारी उभा होता. टोपी हातात धरून. त्याने पेटसना 'नमस्कार' म्हटलेलं मी ऐकलं होतं.

गाडीत बसल्या बसल्या मी मोजणीदाराला फोन लावला.

१५ मे

मोजणीदार येऊन गेला. थॅडने त्याची फीत धरली. जाताना मोजणीदार मला म्हणाला, फीत एकटीनेच छान धरलीत.

थॅडला खोलीत जायला सक्त मनाई केली आहे. तो मुकाट्याने हो म्हणाला.

२० मे

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर टेबलाशी एक परका माणूस कॉफी पीत बसला होता. मी किंचाळले. हाताला लागलेलं उलथणं फेकून मारलं.

थॅडच होता. कपाळावर खोक पडली. म्हणाला, "तू तरी नको गं."

मी त्याला धरून खूप रडले. मला भीती वाटते. त्याची नाही, माझीच.

२३ मे

तो चष्म्यासाठी आत गेला. फक्त चष्म्यासाठी. मी दारात उभी होते, दार धरून. फळीपर्यंत गेला, वाकला, आणि—

खोली रिकामी आहे. शीळ ऐकू येते.

मी हाका मारल्या. आवाज आला, "अगं ओरडतेस काय, समोर तर उभा आहे!" समोर खिडकी होती. उन्हं होती.

आत पाऊल टाकणार होते. तो ओरडला, येऊ नकोस, मला उंबरा ओलांडता येत नाहीय, आधी तो नकाशा दाखल कर. मग हळू म्हणाला, इथे कोपऱ्यात एक बाई बसलीय. लाइल कधी दार उघडणार, एवढंच विचारते.

२७ मे

ताट दाराशी ठेवते. तसंच राहतं.

दोन्हीकडच्या सह्या झाल्या! उद्या पेटसकडे. हातावर नाव लिहून ठेवलंय— थॅड. न्हाणीघरातल्या आरशावर लिहिलंय. गाडीच्या काचेवर पण.

चेहरा आठवत नाही नीट. टाय निळा होता.

२८ मे

गेले होते दप्तरखान्यात. पेटसनी विचारलं, काय काम काढलंत? माझ्या हातात कसलीशी गुंडाळी होती. काय काम होतं ते काही केल्या आठवेना. फार लाज वाटली. हवापाण्याचं बोलले आणि परत आले.

हातावर काहीतरी लिहिलेलं होतं. धुतलं. आरसा पुसला.

संध्याकाळी उगाचच रडू येत होतं. एवढं मोठं घर एकटीने घ्यायलाच नको होतं.

३१ मे

स्ट्यू फार झाला. दोघांना पुरेल इतका. वेंधळी आहे मी. एक ताट झाकून ठेवलं.

२ जून

मागच्या खोलीत कुणीतरी आहे.

पुरुष आहे. दार वाजवतो. भर दुपारी. 'शेरीफबाई, शेरीफबाई' करतो— म्हटलं, इथे पोलीस नाहीत, पण बोलावते! पोलीस आले, खोली रिकामी. पोरगेलासा शिपाई माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. गाडी गेली आणि पुन्हा— ठक, ठक—

ओडेसाबाईंकडून हातोडी आणली. त्या म्हणाल्या, "लाइलनेही हीच नेली होती गं."

३ जून

ठोकले खिळे. सगळे. बोटं सोलली.

तो रडतोय. पुरुष माणूस असा— एक बाईही रडते त्याच्यासोबत. माझं नाव घेतो. मॅक्सीन, मॅक्सीन. त्याला कसं माहीत—

म्हणतो, रोजनिशी वाच. पहिल्यापासून वाच. मी लिहिते हे त्याला कुणी—

पहिलं पान काढलंय. अक्षर माझंच. कुणीतरी मला उचलून आत न्यायचं म्हणतंय. कोण? रेडिओंची खोकी, नवा टाय— मी ह्या माणसाला उलथणं मारलं?— तू तरी नको गं—

दारामागून हळूच, हसायचा प्रयत्न करत, "काय शेरीफबाई, झाली का झडती?"

अरे देवा. अरे देवा. मी काय केलं हे! मीच खिळे—

पक्कड ट्रंकेत आहे, वरच्या मजल्यावर. जिन्यात विसरेन. पुन्हा विसरेन. उठायच्या आधी इथे ठळक लिहून ठेवते. वही हातात धरून जाईन, वाचत वाचत जाईन. दारामागे चोर नाही. दारामागे माझा नवरा आहे. त्याचं नाव