मासळीचा दोष नव्हता

प्रिय चेट्टा,

काल तुमची उरलेली औषधं परत द्यायला आलप्पुळाच्या इस्पितळात गेले होते. डॉक्टर शीबांना सहज म्हणाले, "आमच्या ह्यांनी बहिणीकडे चोरून सुकी मांदेली खाल्ली नसती, तर गाठ परत वाढली नसती."

त्या म्हणाल्या, "वल्सला चेची, मासळीनं असं होत नाही. गाठीतल्या थोड्या पेशी आमच्या औषधाला दाद न देणाऱ्या होत्या. बाकीच्या मेल्या, म्हणून गाठ लहान झाली. या उरल्या आणि पुढे याच वाढल्या. मग तेच औषध चालेना."

परतताना बोटीत मी मान वर केली नाही. शेवटचे दोन महिने तुम्हाला नुसती पेज वाढली. "जिभेपायी जीव घालवाल," असं रोज ऐकवलं. तुम्ही एकदा तरी भांडायला हवं होतं. आज मासळीवाली दारावरून हाक मारून गेली. मी उठले आणि पुन्हा बसले.

जाण्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं, वल्सले. तुला एकटीला टाकून चाललोय."

आणि मी म्हणाले, "असू दे, माफ केलं."

ते शब्द मला परत घ्यायचेत. त्यासाठी तुम्ही समोर हवे आहात.

तुमचीच,
वल्सला