इंचभर वर उचलण्याचा अपमान

ती. व्हर्लीनताईस,

धाकट्या भावाचा, रागात असला तरी, वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नकोस. इकडे लबॉकला वारा आहे, धूळ आहे आणि मीही आहे. ठीक मात्र मुळीच नाही, आणि त्याला तुझे यजमान जबाबदार आहेत.

ईस्टरच्या जेवणात ट्रुएट भाऊजींनी सगळ्या पाहुण्यांदेखत, तोंडात ब्रिस्केट मांसाचा घास असताना मला विचारलं, "काय रे हार्लन, तुझा ट्रक रस्त्यावरून चालतो की रस्ता पुसतो?" सगळे हसले. (तूही हसलीस. नॅपकिन तोंडाला लावलास म्हणून मला दिसलं नाही, असं समजू नकोस.) मग माझंही डोकं फिरलं आणि पैज लागली. येत्या शनिवारी गावच्या ड्रॅग पट्टीवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या रस्त्यावर, दोघांनी ट्रक पळवायचे आणि हरणाऱ्याने आपला ट्रक जिंकणाऱ्याच्या ट्रकाइतका उंच किंवा बुटका करायचा. म्हणजे मी हरलो, तर बाबांनी आणि मी एक अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये पाठ मोडून जमिनीलगत खाली आणलेला हा ट्रक पुन्हा भाऊजींच्या ट्रकासारखा, गवत वाहणाऱ्या गाडीइतका उंच उभा राहणार. बाबांच्या हातचं माझ्याकडे आता तेवढंच उरलंय, ताई. ते गेलं तर मला सहन होणार नाही.

म्हणून तर मानापमान गिळून तुला फोन केला. आपल्या घरात स्प्रिंगा कळतात त्या तुलाच. तू म्हणालीस, पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सैल कर, म्हणजे सुटताना नाक वर उठेल आणि भार मागच्या चाकांवर येईल. केले. पण पुढे म्हणालीस, "आणि मागून इंचभर उचल. तुझा मागचा अ‍ॅक्सल आत्ताच वरच्या रबरी ठोकळ्यावर टेकलाय, त्याला दबायला जागा कुठे आहे?" उचल! बाबांचा ट्रक! सख्ख्या बहिणीने सख्ख्या भावाला हे सांगावं? (फोन मी आपटला नव्हता, हातातून सुटला होता.) भार मागच्या चाकांवर हवा ना, मग सरळ भारच टाकू, असा विचार करून मी हौद्यात गुरांच्या खाद्याची पोती रचली.

ईस्टरनंतरच्या रविवारी सरावाला गेलो. हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला, आणि नाक काय सुंदर उठलं, तू बघायला हवी होतीस! पण पोत्यांनी मागच्या स्प्रिंगा आधीच पार बसवलेल्या. अ‍ॅक्सल धाडकन रबरावर आपटला, चाकं टणाटण उड्या मारायला लागली, हौद्याचा मागचा फाळका उघडला आणि पोती एकामागून एक पट्टीवर फुटत गेली. त्यावर पट्टीवर शर्यती पुकारणारा तो बर्ल भोंग्यावरून ओरडतो, "थांबा मंडळी! हार्लनने गुरांना जेवायला वाढलंय. गुरं आली की शर्यत पुढे चालू!" सगळं खाद्य मला एकट्याला झाडायला लावलं. मी ओणवा होऊन झाडतोय आणि भाऊजी कठड्यावर रेलून म्हणतात, "तू कशाला वाकतोस? ट्रकालाच सांग की, तो आधीच वाकलेला आहे!"

हा माणूस तुझा नवरा आहे, व्हर्लीनताई. त्याला आवर. आणि एवढं होऊनही माझं उत्तर पक्कं आहे: बाबांचा ट्रक इंचभरच काय, केसभरही वर जाणार नाही.

तुझा संतापलेला भाऊ,
हार्लन

ता. क. शुक्रवारी दुपारी, भाऊजी कामावर असताना, मागून उचलायचं तुझ्याकडचं सामान घेऊन ये. इंचभरच. शर्यत झाली की लगेच उतरवू. ट्रक कायम खाली राहायचा असेल तर एक दिवस वर जायला हवा, हे मला कळलंय. पटलेलं नाही.

आणखी एक. आत्ता टपालात टाकायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून भाऊजींचा ट्रक बाहेर येताना दिसला. चांगला हातभर बुटका झालेला! (बरं, हातभर नाही, पण डोळ्यात भरण्याइतका.) मी अडवलं तर टोपी डोळ्यांवर ओढून म्हणतात, "सरळ पळेल म्हणाली तुझी बहीण. कुणाला बोलू नकोस." ताई, मी वर आणि ते खाली, असं तू चालवलंस, तर शनिवारी दोन्ही ट्रक एकाच उंचीचे होतील. मग हरणाऱ्याने करायचं काय? की हाच तुझा बेत आहे? असला तर शुक्रवारी जरा लवकरच ये.