पंप बसला, बोट विकायची नाही

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला अगदी शब्दशः. पालथा पडूनच लिहितो आहे, अक्षराला हसू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना सांगा, इकडे सगळे खुशाल.

परवा भरल्या पंगतीत तुम्ही म्हणालात, "बाबांची बोट विकून टाकू. तळात पाणी साचतंय, आणि पाणी उपसायचा पंप बदलायला तुझं पोट इंजिनाच्या खणात मावायचं नाही." रविवारी गिऱ्हाईक आणतो म्हणालात. वर सगळ्यांदेखत शब्दही दिलात, की मी स्वतः पंप बसवला तर विक्रीचं नाव काढणार नाही. तर ऐका, पंप बसला!

आज सकाळी चहासुद्धा न घेता मी खणात उतरलो. (पोट आत ओढून, श्वास रोखून, खणाच्या तोंडाच्या चौकटीला तेल चोपडून. पण उतरलो.) एका कुशीला इंजिन, दुसरीला डिझेलची टाकी, आणि पंप अशा कोपऱ्यात की हात पोचतो तिथे नजर पोचत नाही. जुने स्क्रू गंजून तळाशी एकजीव झालेले. एकाने अंगठा सोलला, दुसरा काळ्या पाण्यात पडला, आणि तो शोधताना पान्हाही त्याच्या मागे गेला. मिस्त्री वरून सारखा म्हणत होता, "साहेब, बाहेर या, मी करतो." मी म्हटलं, तू नुसता बघ! बाबांनी मला सुकाणू धरायला शिकवलं ते याच बोटीवर. तिच्या तळाला परका हात का लागावा? दुपारी जेवायला बाहेर येण्यातही वेळ दवडला नाही. हिने डबा खालीच सोडला, तो मी पडल्या पडल्या चाटूनपुसून संपवला. (उपाशी होतो. दोनदा मागून घेतलं.) मग नळी आवळली, हिने वरून बटण दाबलं, आणि सगळं पाणी धो धो बाहेर. मला रडू आलं, लपवत नाही.

आपला आज्ञाधारक (ही एक गोष्ट सोडून),
धाकटा

ता. क. मिस्त्री हे पत्र घेऊन येतो आहे. त्याच्याबरोबर अंगाच्या साबणाच्या चार वड्या पाठवा. सहज.

ता. क. दुसरा : मी अजून खालीच आहे. उपाशीपोटी पुरलेली चौकट जेवल्यावर पुरेना. मिस्त्री ती कापायची म्हणतो. बाबांनी स्वतः बसवलेली चौकट मी कापू देणार नाही. पोट काय, उतरेल हळूहळू. (रात्रीचा डबा मात्र सांगून ठेवला आहे. उपाशी का राहावं?)

ता. क. तिसरा : एवढं करून रविवारी गिऱ्हाईक आणलंतच, तर त्याला आधीच सांगा, बोट माझ्यासकट घ्यावी लागेल.