कमी भरलेला जिताडा

आबा,

तुला पत्र लिहायचं म्हणजे ते वाचून दाखवायलाही मीच हवी. तलाठ्याची नोटीस, जमीन संपादनाचे कागद, मामाचं गिरगावातून आलेलं कार्ड, सगळं तू माझ्या हातात द्यायचास आणि स्वतः तळ्याकडे बघत ऐकायचास. वाईट मजकूर आला की मी एखादी ओळ गाळायचे. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण गाळलेली ओळ बरोबर कळायची. "खालचा पन वाच," म्हणायचास. तर आज खालचंही लिहिते. मी आता निवृत्त झाले आहे, नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहते, गुडघे तुझ्यावर गेलेत आणि स्वभावही. सोसायटीच्या मीटिंगला मी आले की लोक आधीच खुर्च्या मागे सरकवतात. मासळीवर शिकवण्यात आणि मासळीवर लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीच्या मुळाशी तुझं घरामागचं तळं आहे, हे माझ्या निरोप समारंभात कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

बाहेरच्या माणसाला आधी जिताडा म्हणजे काय ते सांगावं लागतं. खाऱ्या पाण्यात जन्मणारा, गोड्या पाण्यात गुमान वाढणारा, दोन-तीन पावसाळ्यांत हातभर होणारा मासा. पावसाळ्यात खाडीचं पाणी खारजमिनीत चढलं की तू गुडघाभर चिखलात उतरून त्याची बोटभर पिल्लं धरायचास आणि घागरीतून आणून तळ्यात सोडायचास. आपल्याकडे घराघरामागे असं तळं होतं आणि प्रत्येक जिताड्यावर कोणाचं तरी नाव लिहिलेलं असायचं. हा जावयाचा, हा व्याह्यांचा, हा तलाठ्याचा, तो सगळ्यात मोठा कचेरीतल्या मोठ्या सायबाचा. काम अडलं की तळ्यात पाग, हाताने फेकायचं जाळं, पडायचा. न्हावा शेव्याच्या बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याच्या कागदांमागे किती जिताडे गेले असतील देव जाणे. तुला त्यात लाच वगैरे काही दिसायचं नाही. सायबाच्या दारात रिकाम्या हाताने जाणं, हीच तुझ्या लेखी लाजिरवाणी गोष्ट होती.

मी एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागले आणि विषय निवडला तो तुझ्या तळ्याचाच: गावतळ्यातल्या जिताड्याची वाढ. गावात सगळे हसले. पोरगी मुंबईला जाऊन एवढी शिकली आणि परत येऊन बापाच्याच तळ्यात उतरली! तू मात्र हसला नाहीस. दर महिन्याला सकाळी तू पाग टाकतोयस, मासा ओल्या गोणपाटात धरतोयस, मी काट्यावर वजन करतेय, पट्टी लावून लांबी घेतेय, आणि पाठीवरच्या पराखाली नायलॉनच्या दोऱ्याने प्लॅस्टिकचा बिल्ला बांधून परत सोडतेय. एखादा निसटला की तू ओरडायचास, "शाला चुकवून पलाला बग!" बिल्ल्याच्या माशांना तू शाळेतली पोरंच म्हणायचास. त्यांतला एकही तू खाल्ला नाहीस, कोणाला दिला नाहीस, व्याही आले तरी नाही. आईने एकदा कुरकुर केली तेव्हा तू म्हणालास, "ते माजं नाय. ते तिचं हान." मला वाटतं तेवढं मोठं अनुदान मला नंतर कोणत्याही संस्थेने दिलं नाही.

माझे मार्गदर्शक सर पुण्याकडचे, पनवेलला भाड्याच्या घरात राहणारे, कडक इस्त्रीचे आणि कडक शब्दांचे. प्रबंध सादर करायला त्यांची सही हवी होती आणि ते म्हणत होते, अजून एक पावसाळा मोज. माझी शिष्यवृत्ती संपलेली, कॉलेजातली जागा हंगामी, आणि पुढच्या वर्षी ती प्रबंध झालेल्या माणसालाच मिळणार होती. मी घरी येऊन चुलीपाशी आईला रडून सांगितलं, सर सही करत नाहीत. तू दारात बसून जाळं शिवत होतास. तू तेवढंच ऐकलंस. तुझ्या जगात सही न करणाऱ्या सायबाला एकच रोग असायचा आणि त्याचं औषध तळ्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परत आले तर आई मोठा मासा कापत होती. शेपटीकडचा भाग अजून पाटावर होता. मी इतक्या वेळा हातात धरलेला मासा मला ओळखू येणार नाही का? पाठीवर बिल्ल्याच्या दोऱ्याचं भोक होतं, बिल्ला नव्हता. आईने वर न बघता सांगितलं, "आज आबाला काय बोलू नको गो." तू माजघरात भिंतीला टेकून बसला होतास, अंगात लग्नाकार्याचा पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशातून तू बिल्ला काढलास, पुसलास आणि माझ्या हातावर ठेवलास. "तुजा बिल्ला तुना लागल, म्हनून काडून ठेवला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तू सगळ्यात मोठा धरलास, ओल्या गोणपाटात बांधलास, एसटीने पनवेलला गेलास आणि विचारत विचारत सरांच्या दारात उभा राहिलास. सरांनी गोणपाट उघडायला लावलं. माशाकडे बघितलं, आत गेले, पट्टी घेऊन आले, डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबी घेतली, कागदावर लिहिली, आणि तुला हात जोडून सांगितलं की हा घेऊन जा. "पट्टी लावली त्यान," तू मला सांगत होतास आणि तुझा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "कमी भरला. मोटा पायजे व्हता." आबा, मला त्या वेळी हसूही येत होतं आणि कोणाचा तरी गळा धरावासाही वाटत होता, तुझा की सरांचा ते ठरत नव्हतं. माझा सगळ्यात चांगला वाढलेला मासा कालवणात पडला होता. मी तुला समजावलं, तसं नाही, सर शाकाहारी आहेत, मासा मेलेलाच होता म्हणून त्यांनी आकडा तेवढा घेतला. तू मान हलवलीस. तुला पटलं नव्हतं. शाकाहारी तलाठीही तुझे जिताडे घेऊन जायचे, पुढे कोणाला द्यायचे ते त्यांचं ते बघायचे. त्या रात्री तू जेवला नाहीस.

सरांनी मला दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावलं. "तुझ्या वडिलांना तू काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "माझ्या दारात आजवर कोणी असं आलं नव्हतं. मला फार लाज वाटली. त्यांचीही वाटली आणि माझीही." मग त्यांनी तो लांबीचा कागद माझ्यापुढे सरकवला, ही नोंद घे म्हणाले, आणि सही केलीच नाही. एक पावसाळा म्हणजे एक पावसाळा. मला त्या दिवशी ते दगड वाटले. तू मात्र पुढचे कित्येक महिने त्यांची बाजू घेत होतास. सायबाचं बरोबर आहे, आपलाच मासा लहान होता.

तो पावसाळा पुरा मोजून झाला नाही. भादव्यात मोठी भरती आली. खाडीच्या बांधातली उघाडी, ते पाणी अडवायचं लाकडी दार, कुजल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आतली शेतं आता संपादनात गेलेली. खाडीचं पाणी नाल्यातलं काय काय घेऊन आत घुसलं आणि तळ्यात उतरलं. सकाळी आईची हाक ऐकून मी धावले तेव्हा तू छातीभर पाण्यात उभा होतास. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, काही उलटे झाले होते, पाण्यावर तपकिरी फेस आणि घशात बसणारा वास. तू एकेक धरून काठावर ठेवत होतास, बिल्ले असलेले एका बाजूला, बिनबिल्ल्याचे दुसऱ्या. मी ओरडत होते, बाहेर ये, अंगाला लागेल ते. तुला खाज सुटून अंग सोललं तेव्हाच तू वर आलास. मी बाटल्या भरल्या, प्राणवायू तपासला, जवळजवळ नव्हताच. नाल्याच्या वरच्या अंगाला कारखाने होते. कुठल्याचं पाणी, हे तेव्हा सिद्ध झालं नाही आणि पुढेही नाही.

सर दुसऱ्या दिवशी स्वतः गावात आले. इस्त्रीची पँट घालून तळ्याच्या काठावर बसले. आईने दिलेला कोरा चहा प्यायले. मग मला म्हणाले, "वाढीची मोजणी इथे थांबली. आता हे लिही. कसे मेले, कशाने मेले. असं मोजलेलं तळं मेलेलं कोणी नोंदवलेलं नसेल. मी सही करतो." तू बाजूला उभा होतास, अंगाला खोबरेल चोपडून. ते गेल्यावर तू मला विचारलंस, "मावरा मेला तरी डिगरी देतान?"

मी म्हणाले, देतात.

"मंग बरा झाला," तू म्हणालास. "तुजा काय वाया गेला नाय."

मला डिग्री मिळाली, जागा कायम झाली. त्या मेलेल्या तळ्यावरचा निबंध खूप ठिकाणी वाचला गेला आणि मग मला सगळे मरणाच्याच जागी बोलवायला लागले. कुठल्या खाडीत चिखलातल्या निवट्या संपल्या, कुठे शिंपल्यांतली कालवं काळी पडली, कुठे कोळंबीच्या तलावांत रोग पसरला, की मॅडमना बोलवा. मी जायचे, बाटल्या भरायचे, अहवाल द्यायचे. समितीत चहा-बिस्किटं व्हायची, अहवाल स्वीकारला जायचा आणि वर्षभराने त्याच खाडीत आणखी कमी जाती मोजायला मला परत पाठवायचे. माझी प्रत्येक बढती अशा कशावर तरी झाली आहे. मी मोजलं म्हणून एकही मासा वाचलेला मला माहीत नाही. खोटं नम्रपण नाही हे आबा, मी शोधून बघितलंय. तळ्यावर नंतर भराव पडला. कंटेनरचे ट्रेलर उभे करायला जागा हवी होती.

आणि तू काय केलंस? तुझ्या त्या शेवटच्या वर्षांत, दमा वाढलेला, बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तू एकच गोष्ट सांगायचास. मी शनिवारी घरी यायचे तेव्हा ओटीवरून ऐकू यायची. "पयला एक जिताडा नेला, तो कमी भरला. सायबान पट्टी लावून परत दिला. मंग मी काय केला? सगला तला दिला. तवा पोरगी डाक्टर झाली." लोक माना डोलवायचे. तू अभिमानाने पाय पुढे पसरायचास. मी आत आईजवळ चहाला बसायचे आणि चिडायचे. दिला नाही, मारला! आपल्याकडून काढून घेतला आणि साधं कोणी विचारायलाही आलं नाही! आई म्हणायची, राहू दे, त्याला दम लागतो. तीच गोष्ट सांगत तू गेलास.

गेल्या महिन्यात एक संशोधन करणारी मुलगी माझ्याकडे आली होती. उरणच्या कोळीवाड्यातली, बोलायला तिखट. माझा जुना प्रबंध वाचून आली होती. तिने विचारलं, "मॅडम, या तळ्याचं पुढे काय झालं?" याचं उत्तर मला झोपेत विचारलं तरी देता येतं, नाला, भरती, प्राणवायू, भराव. मी ते शेकडो पोरांना दिलंय. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "ते माझ्या वडिलांनी माझ्या डिग्रीसाठी दिलं."

"दिलं?" ती म्हणाली. "कोनाला?"

मी तिला खरं काय ते सांगायला हवं होतं, तिला अजून सगळी खाडी मोजायची आहे. मी उठून गॅसवर चहा ठेवला. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा इथेच सांगून टाकते. शब्द मागे घ्यायला मला पुरेसा वेळ होता, चहा उकळायला लागेपर्यंत होता, आणि मी ते घेतले नाहीत. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, आबा.