पाटलांचा अंगठा

मेहकर, पौष वद्य षष्ठी, दिवेलागण

आज तुळशीराम पाटलांना त्यांच्या घरच्यांनी डोणगावला परत नेलं. लकव्याचा हा एकच रोगी माझ्यावर विश्वास ठेवून राहिला होता.

लकव्यानं त्यांचा उजवा हात पडलेला. मी त्यांचा चांगला, डावा हात उपरण्यानं छातीशी बांधून टाकला. तो मोकळा असला की उजवा काही करतच नाही. मग उजव्यानं बोंडातला कापूस ओढायला लावलं. परवा अंगठा हलल्यासारखा वाटला. की मलाच तसं पाहायचं होतं? नागपूरचे मोठे डॉक्टर तर हसले होते. मेलेली नस परत येत नाही, म्हणाले.

आणि काल दवाखान्यात पाटलांचे होणारे व्याही भेटायला आले. त्यांनी पाटलांचा बांधलेला हात पाहिला. आमच्याकडे बांधून ठेवतात ते वेड्याला. एवढं मला सुचू नये? सोयरीक मोडली.

पाटलीणबाई आज शांतपणे म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, लोक म्हनतात पाटील येडे झाले. मायी पोरगी आता कोन करून घेईन?"

मी नसांचं शास्त्र सांगू लागलो.

तोवर त्यांनीच उपरण्याची गाठ सोडली. निघताना पाटलांनी मला रामराम करायला डाव्या हातानं उजवा उचलून छातीशी आणला. आणि तो अंगठा, तोच, आपणहून डाव्या अंगठ्याला जाऊन टेकला. मी तोंड उघडणार, तोच पाटलीणबाई म्हणाल्या,

"पाह्यलं? सोडल्याबरोबर हालला."

ओसरीवर बसलेल्या साऱ्या रोग्यांनी ते ऐकलं.