मुकीच्या ताटलीत काय घालू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मांस मिठात मुरवून धुरावर वाळवणे व विकणे, डोके पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, पण त्यांची इथे गरज नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या भावजयीला मिळाव्यात. धाकट्या भावाला नाही, कारण त्याच्यापुढे कोणी डोळ्यांत पाणी आणले की तो अंगावरचा सदराही काढून देतो. भावजय खमकी आहे.

२. सुऱ्या, आकडे आणि मिठाची लाकडी पिंपे धाकट्याला. लांब पात्याची सुरी त्याच्याच हाताला बसते. नऊ वर्षांत त्याने ती धरलेली नाही. दुसऱ्याच्या बेकरीत पाव भाजतो. पाव चांगले असतात. मी माणूस पाठवून मागवते.

३. माझी छोटी शिडी शेजारच्या कुलूपवाल्याकडे चार वर्षे पडून आहे. ती त्याने ठेवून घ्यावी. मागायचे माझे कष्ट वाचले आणि टाळाटाळ करायचे त्याचे.

४. माझी कुत्री मुकी हिला धाकट्याने सांभाळावे. दुकानातल्या मालाचा तुकडाही तिला देऊ नये. जनावरांचे डॉक्टर सांगतात, आपल्याला चवीपुरते वाटते ते मीठ कुत्र्याच्या जिवाला भारी पडते, चरबीने स्वादुपिंड सुजते, आणि आमच्या मसाल्यातला कांदा-लसूण तर त्यांच्या रक्तालाच बाधतो. भिजवून, धुऊन, उकळूनही नको. अळणी शिजवलेले ताजे मांस, थोडा भात, भरपूर पाणी. ती अशी बघेल की जणू आपणच तिचे काही चोरले आहे. तरीही नको.

५. आता हे लिहिणे भाग आहे. आधीचा कुत्रा, हावऱ्या, याच खाण्याने गेला. धाकटा त्याला रोज नखाएवढा तुकडा द्यायचा, तोही तीन पाण्यांनी धुऊन. एके दिवशी हावऱ्या दुपारभर ओकला, पाणी पीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मी भर दुकानात धाकट्याला म्हणाले, "तूच मारलंस त्याला." त्याने एप्रन खुंटीला अडकवला आणि तो गेला. पुन्हा त्याने कुत्रा पाळला नाही. रस्त्यात दिसला तरी बाजू बदलतो.

खरे असे आहे की, हावऱ्या आजारी पडला त्या सकाळी तपासणीला साहेब आले होते, त्याचे भुंकणे थांबेना, म्हणून मी धुरावलेल्या मांडीची चरबीची अख्खी कड त्याच्यापुढे टाकली. हातभर होती. धाकट्याला बोलत होते तेव्हाही मला ती आठवत होती. माझ्या पश्चात हे कलम त्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवावे.

६. हे कलम दीड तासाने लिहीत आहे. साक्षीला बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाचवे कलम वाचले आणि पेनाला टोपण लावले. म्हणाले, "ताई, मेल्यावर सांगून तुम्ही सुटाल. त्याचं काय?" सही करेनात. शेवटी मी बेकरीत फोन लावला.

धाकटा पिठाच्या हातांनीच आला. मी पाचवे कलम वाचायला घेतले आणि चरबीच्या कडेपाशी पोचले.

"मला माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "धुरावर टांगताना मांडीला बांधतो ती सुतळी त्याच्या ताटलीत पडली होती. मीच उचलून टाकली."

"मग नऊ वर्षं गप्प का राहिलास?"

"तू त्याला कुशीत घेऊन बसली होतीस. अजून काय सांगायचं होतं तुला?"

मी रडले, हे इथे नोंदवून ठेवते.

सबब पाचवे कलम त्याला वाचून दाखवण्याची गरज उरलेली नाही. तरी ते खोडू नये. भावजयीने वाचावे, कारण आपल्या नवऱ्याच्या हातून कुत्रा गेला असे ती इतकी वर्षे समजते आहे. चौथ्या कलमात 'माझ्या पश्चात' असे कोणी धरू नये. मुकीला आजपासून आम्ही दोघे सांभाळू.

हे लिहीत असताना धाकटा जमिनीवर बसला आहे. त्याने अजून तिला हात लावलेला नाही. ती मात्र त्याच्या बोटांवरचे पीठ चाटते आहे, आणि डॉक्टर म्हणतात, तेवढे चालेल.

ठिकाण: दुकानामागचे स्वयंपाकघर
दिनांक: १९ मार्च २०२४, मंगळवार

लिहून देणारी: (सही)
साक्षीदार: १. जनावरांचे डॉक्टर (सही, अखेर)
२. टपाल घेऊन आलेल्या बाई (सही)