फादरांचा पिवळा भात

श्रीरामपूर,
ता. १२ मार्च १९७३

प्रिय कृपाआक्का,

सप्रेम सलाम. प्रभूच्या दयेनं आम्ही सगळी बरी आहोत. तुमचा भाऊ गिदोनही बरा आहे. तुम्ही पारनेरकडे दुष्काळी कामावर खडी फोडता असं कळलं. रिकामं बसण्यापेक्षा बरं.

पत्रास कारण फादरांचा भात. त्यांच्या इटलीचा, पिवळा, तुम्ही करायच्या तो. फादर अंथरुणाला खिळलेत, दुसरं काही मागत नाहीत. ईस्टरला त्यांची बहीण येतीय. तिच्यापुढं भात बिघडला तर गोव्याचा आचारी आणतील. मग माझ्या पोरांनी काय खायचं? बाहेर रेशनच्या लाल मिलोच्या भाकरीशिवाय आहे काय यंदा?

मी सगळं करते. इटलीहून येणाऱ्या पार्सलातला तो बुटका तांदूळ तीनदा स्वच्छ धुते. लोण्यात कांदा, मग तांदूळ, वर थोडी वाइन. हाडांचं गरम पाणी एकेक पळी घालत हलवत राहते, दंड भरून येतो. शेवटी भिजवलेलं केशर, लोणी, किसलेलं चीज. तरी तान्ह्याला भरवायचं खिमट होतं. फादर चमचा खाली ठेवतात. "कृपाचा भात असा नव्हता." तीन वर्षं हेच ऐकते.

तुम्ही मला शिकवणार होता. मीच टाळलं. खोटं कशाला लिहू? मला भात नको होता, तुमची जागा हवी होती. केशराची डबी तुमच्या ट्रंकेत मी ठेवली. तुम्ही फादरांचे पाय धरून "म्या न्हाई घेतली, फादर" म्हणत होता, तेव्हा मी चुलीवरचं दूध बघत होते. उतू जाऊ दिलं नाही.

कुठं चुकतं तेवढं लिहा. पण येऊ नका.

गेल्या महिन्यात फादर म्हणाले, "चोरी केली असली, तरी मी तिला उपाशी हाकलायला नको होतं. बोलव तिला. माफी मागायची आहे." मी सांगितलं, कृपा दिवाळीआधीच वारली. पटकीनं.

फादर पोरासारखे रडले. कसेबसे उठून बसले आणि खोलीतच तुमच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केली. गिदोन शेजारी गुडघे टेकून होता. त्याला सगळं ठाऊक होतं, आक्का. त्यानं आमेन म्हटलं.

उत्तर त्याच्या नावानं टाका. पाकिटावर तुमचं नाव नको.

तुमच्या आत्म्याला शांती मागणारी,
तुमची भावजय
मेरी